मायाक्काचं वारं

धोंडमाळला पवनचक्क्या आल्या त्या एका चुकीच्या पत्त्यामुळं, आणि तो पत्ता दिला रावजीनं. रावजीचं चहाचं दुकान फाट्यावर आहे. गावात येणारा परका माणूस आधी रावजीच्या तावडीत सापडतो आणि मग गावाच्या. सांगोल्याकडनं मोटरसायकलवर आलेला अजिंक्य नावाचा पुण्याचा तरुण इंजिनिअर असाच सापडला. पाठीला सॅक, गळ्यात तिथल्याच पवनचक्कीच्या कंपनीचं ओळखपत्र. खेड्यात गेल्यावर खेड्यासारखं बोलावं, असं कुणीतरी त्याच्या कानात भरलेलं. त्यानं चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "काका, तुमच्या गावात वारं सगळ्यात जास्त कुठं येतं?"

रावजीनं क्षणाचाही विचार केला नाही.

"मायाक्काकडं," तो म्हणाला. "सरळ जावा, पिपरणीचं झाड लागंल, तितनं डावीकडं. दारात लेंड्या दिसत्याल. शेवटचं घर."

आता ह्यात रावजीची काय चूक, सांगा. सांगोल्याच्या माळावर वारा सुटला तरी वारं म्हणतात आणि बाईच्या अंगात देवी आली तरी वारंच म्हणतात. पुण्याच्या माणसानं कुठलं वारं ते सांगायला नको? न सांगता विचारलं, तर रावजी त्याला जे वारं माहीत, तिकडंच पाठवणार.

मायाक्का बंडगर दारात बसून शेंगा फोडत होती. पन्नाशी ओलांडलेली बाई, हाडापेरानं दणकट, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. वही घेऊन आलेली माणसं तिला नवी नव्हती. मागं एकदा सोलापूरच्या कॉलेजातली चार पोरं येऊन तिला काहीबाही विचारून गेली होती. तिनं अजिंक्यपुढं पाण्याचा तांब्या ठेवला.

"मावशी, वारं तुमच्याकडंच जास्त येतं म्हणं?"

"येतं की."

"कधी कधी येतं?"

"मंगळवार, शुक्रवार. आवसंला लई जोरात."

अजिंक्यनं लिहून घेतलं. अवसेचा आणि वाऱ्याचा संबंध त्याला कुणी शिकवला नव्हता, पण स्थानिक माणसाच्या अनुभवाला मान द्यायचा, हेही त्याच्या कानात भरलेलं होतं.

"कुठल्या बाजूनं येतं?"

"पायातनं वर चढतं. आदी पाय, मग कंबर, मग मस्तक."

"म्हणजे जमिनीतून वर?" अजिंक्यनं त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. "आणि जोर किती असतो?"

"चार बाया धरून बसत्यात तरी आवरत न्हाय. मागल्या दसऱ्याला दाराची फळी मोडली."

अजिंक्यचे डोळे चमकले. तीन जिल्हे पालथे घातले होते बिचाऱ्यानं, पण दाराची फळी मोडणारं वारं त्याला कुठं मिळालं नव्हतं.

"टिकतं किती वेळ?"

"घटकाभर. लिंबू उतरून टाकलं की शांत."

इथं त्याचं पेन थांबलं. त्यानं वहीकडं बघितलं, मायाक्काकडं बघितलं, आणि मग सॅकमधनं पवनचक्कीचं चित्र काढून तिच्यापुढं धरलं. मायाक्का चित्राकडं बघत राहिली आणि एकदम अशी हसत सुटली, की सुपातल्या शेंगा अंगणभर झाल्या.

"अगं बया! ह्ये वारं व्हय! मग माज्या घरामागं जा की बाबा, खाणीच्या ढिगावर. तितं हुबं ऱ्हायलं तर डोक्यावर पदर ऱ्हात न्हाय."

अजिंक्य ढिगावर चढला. पहिल्याच झटक्यात त्याची टोपी उडून खाणीतल्या पाण्यात पडली. महिन्याभरात तिथं वारा मोजायचा खांब उभा राहिला, आणि अडीच वर्षांत पाच पंखे. आम्ही पवनचक्कीला पंखाच म्हणतो.

खाण म्हणजे काळ्या दगडाची. बाहेर मोठमोठ्या कोळशाच्या खाणी बंद पडल्या की त्या पडीक जमिनीवर पंखे उभे करतात, असं अजिंक्यनंच गावात सांगितलं होतं. कंपनीच्या फॉर्मातही 'जुन्या खाणीची जमीन' ह्या रकान्यापुढं कोळसा एवढाच पर्याय छापलेला होता, म्हणून कागदावर धोंडमाळची खाण कोळशाची झाली. सरपंच युवराजनं तो कागद वाचला मात्र, आठ दिवस त्याला झोप नाही. एका सकाळी तो स्वतः टिकाव घेऊन ढिगावर गेला आणि दुपारी हाताला फोड घेऊन परत आला. कोळसा काही लागला नाही. त्या दिवसापासनं रावजी त्याला चहा देताना 'काळा का दुधाचा' असं विचारतो, आणि युवराज भडकतो.

ती खाण मायाक्काच्या चांगली ओळखीची. माळशिरस तालुक्यातनं लग्न होऊन ती इथं आली, तेव्हा खाण जोरात चालू होती. घरात मेंढरं मोजकी आणि तोंडं भरपूर, म्हणून तिनं हातात हातोडा घेतला आणि अकरा वर्षं दगड फोडला. मुकादम चन्नप्पा अक्कलकोटच्या पलीकडचा, निम्मं कानडी बोलायचा. माणूस वाईट नव्हता, पण कशालाही त्याचं उत्तर एकच, "नोडोण." म्हणजे बघूया. बायकांना प्यायच्या पाण्याचा एक पिंप खाणीवर ठेवा, असं मायाक्का त्याला वैशाखाचा सबंध महिना सांगत होती. चन्नप्पाचं रोज नोडोण. बायका मैलभर चालून पाणी पिऊन यायच्या आणि तेवढ्यात खाडा लागायचा.

एका दुपारी सुरुंग उडाला आणि मायाक्काच्या कानात काहीतरी गरगरायला लागलं. पायातनं झिणझिण्या निघाल्या, डोळ्यांपुढचं सगळं पिवळं झालं, आणि पुढचं तिला काही आठवत नाही. शुद्धीवर आली तेव्हा चन्नप्पा मुकादम तिच्यापुढं आडवा पडलेला. "तप्पायितु, तायी, तप्पायितु!" चुकलं आई, चुकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खाणीवर पाण्याचे दोन पिंप. मायाक्कानं मागितला होता एकच.

खरं सांगायचं तर त्या दिवशी वारं खरोखर आलं होतं. पुढं मात्र दहातल्या तीन वेळा ते आपणहून यायचं आणि सात वेळा तिला आणावं लागायचं. हे तिनं कधी कुणाला सांगितलं नाही. देवीला ते ठाऊक होतं, आणि देवी कधी तक्रार घेऊन आली नाही. त्यातनं नाव एकच. चिंचलीची मायाक्कादेवी आणि धोंडमाळची मायाक्का बंडगर. त्यामुळं नक्की कोण बोलतंय, ह्याच्या खोलात कुणी गेलं नाही.

आणि आणावं लागायचं, कारण त्याशिवाय ऐकतो कोण? हापशाचा दांडा मोडला होता. तीन आठवडे ती सांगत होती. लोक म्हणत, "बरं बरं, बघू." मंगळवारी वारं आलं, देवी म्हणाली, "माज्या लेकरास्नी पानी का रं न्हाय?" संध्याकाळपर्यंत सांगोल्याचा मेकॅनिक हजर. शाळेचे गुरुजी अकराला यायचे, देवीनं एकदा नाव घेऊन विचारलं, तर ते दुसऱ्या दिवशी साडेनऊला येऊन कुलपापाशी उभे. मायाक्काचं डोकं आणि देवीचा दरारा, दोन्ही मिळून गाव वीस वर्षं बरं चाललं होतं. सरपंच येत होते आणि जात होते.

तिचा नवरा तात्याबा. त्याच्याबद्दल सांगावं तर काय? मेंढरांशी बोलतो तेवढंही माणसांशी बोलत नाही. सकाळी कळप घेऊन जायचा, सांजच्याला आणायचा, भाकरी खायची आणि घोंगड्यावर बसून गप्प राहायचं. वारं आलं की तोही बाकीच्यांसारखा हात जोडून कोपऱ्यात उभा. वारं गेलं की घोंगडं आणि तात्याबा परत होते तिथं.

पंखे सुरू झाले आणि पहिल्याच अवसेला घोळ झाला. बायका जमल्या, शेजारची गोजरबाई भंडारा आणि लिंबू घेऊन नेहमीच्या जागी, म्हणजे मायाक्काच्या डाव्या बाजूला बसली. धरायचा मान तिचा. घटका गेली, दोन घटका गेल्या. वारं येईना. मायाक्का झुलायला लागली की बायकांच्या माना आधी खिडकीतनं ढिगाकडं वळायच्या, पंखा फिरतोय का थांबलाय ते बघायला. असं कुणी तपासायला बसल्यावर देवी तरी कशी येणार? आणि मायाक्काला तरी ती कशी आणता येणार?

"वढून घेतलं," गोजरबाई शेवटी म्हणाली. "त्या पंख्यानं वारं वढून घेतलं गं बाई!"

झालं. दुसऱ्या दिवशी रावजीच्या दुकानात ही गोष्ट शास्त्र म्हणून प्रसिद्ध झाली. पंखे चालू असले की वारं पंख्यांना जातं, बंद असले की मायाक्काला येतं. कंपनीची माणसं दुरुस्तीला आली आणि पंखे दोन दिवस थांबले, तर अर्धी आळी लिंबं घेऊन मायाक्काच्या दारात. ती बिचारी मेंढराच्या खुरात अडकलेला काटा काढत होती.

"आलं का?" गोजरबाईनं आशेनं विचारलं.

"माजं डोकं फिरायला आलंय, त्ये बगायचं असंल तर बसा," मायाक्का म्हणाली, तशा बायका लिंबं घेऊन परत गेल्या.

वरवर ती हसायची, पण आतनं तिला फार लागलं होतं. देवी रुसली ह्याचं दुःख होतंच. त्याहून मोठं हे, की ती आता हापशाबद्दल बोलली की लोक नुसतं "बरं बरं" म्हणत होते, आणि मंगळवार उजाडला तरी त्या बरं बरंचं पुढं काही होत नव्हतं. वीस वर्षांत पहिल्यांदा तिला कळलं, की गावानं तिचं कधीच काही ऐकलेलं नाही. तात्याबाला ते समजलं असावं, कारण तो नेहमीपेक्षा जास्त गप्प होता.

तेवढ्यात सहाव्या पंख्याची बातमी आली. पंखा उभा करायचा म्हणजे भलीमोठी क्रेन लागते आणि क्रेनला सपाट जागा. कंपनीच्या नकाशात ठरलं, की खाणीकडेचे ढीग पोकलेननं खाणीत ढकलायचे, खाण बुजवायची आणि त्यावर क्रेन उभी करायची. सरपंच युवराजनं मान डोलावली. आता ऐका. मालक खाण सोडून गेला त्याला बारा वर्षं झाली. त्या खड्ड्यात पाणी साठलं ते कुणी ठरवून साठवलेलं नाही, पण चैत्रात विहिरी कोरड्या पडतात तेव्हा गावची साडेआठशे मेंढरं त्याच पाण्यावर जगतात. खाण बुजली की उन्हाळ्यात कळप घेऊन गाव सोडायचं, नाहीतर कळप विकायचा. तात्याबाच्या गुडघ्यांत आता गाव सोडून हिंडायचं बळ उरलेलं नाही, हे मायाक्काला रोज त्याचे पाय चेपताना कळत होतं.

ती तडक युवराजकडं गेली. नात्यानं तो तिचा चुलतपुतण्या.

"युवराज, खाण बुजवू नगं. मेंढरं कुटं जात्याल?"

युवराजनं मोबाईलमधनं डोकं वर काढलं. "काकू, ह्ये देवी म्हणती का तुमी म्हणताय?"

"मी म्हणतीया."

"मग बघू की. मेंढरांस्नी टँकर आणतो," असं म्हणून त्यानं डोकं परत मोबाईलमध्ये घातलं. चन्नप्पाचं नोडोण निदान तोंडाकडं बघून तरी असायचं.

मग तिनं ढिगावर जाऊन अजिंक्यला गाठलं. त्याचं हिच्याशी गूळपीठ होतं. टोपीची गोष्ट तो अजून सगळ्यांना सांगायचा. त्यानं नकाशा पसरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "मावशी, पूर्वेच्या ढिगावरसुद्धा क्रेन बसते. थोडं सपाटीकरण वाढेल, बाकी काही नाही. पण माझ्या एकट्याच्या सांगण्यावर वरचे लोक नकाशा बदलणार नाहीत. खाण बुजवायची नाही असा ग्रामसभेचा ठराव द्या, मी लगेच पाठवतो. आठ तारखेला पोकलेन येतंय."

ग्रामसभा होती एक मेला. पोकलेन यायच्या सात दिवस आधी.

धोंडमाळची ग्रामसभा म्हणजे एरवी कोरम भरायला रावजीच्या दुकानातनं माणसं ओढून आणावी लागतात. त्या दिवशी झेंडावंदन झालं आणि पंचायतीपुढच्या मांडवात उभं राहायला जागा नाही. कारण रावजीनं आधीच जाहीर करून टाकलं होतं, की आज पंखे बंद आहेत आणि देवी बोलणार आहे. पंखे खरंच थांबले होते, कारण सकाळपासनं झाडाचं पान हलत नव्हतं. गोजरबाईच्या कमरेला भंडाऱ्याची पिशवी, पदरात पाच लिंबं. मायाक्का बायकांच्या घोळक्यात मधोमध बसली आणि तिनं डोळे मिटले.

तिनं मनापासनं हाक मारली. आई, आजच्या दिवस ये. परत कधी बोलावणार नाही. पायांना मुंग्या आल्या तशी तिला जरा आशा वाटली, पण त्या मांडी घालून बसल्यामुळं आल्या होत्या. कंबर कोरडी, मस्तक कोरडं. कानात वाजत होता तो फक्त युवराजचा आवाज. एक विषय संपला, दुसरा संपला. ग्रामसेविका वैजयंती मॅडम टेबलाशी बसून प्रोसिडिंग लिहीत होत्या. वर्षभरापूर्वी त्या बदलून आल्या होत्या, आणि नियमाबाहेर एक ओळ त्यांच्या पेनातनं उतरत नाही अशी त्यांची ख्याती.

"विषय पाच," युवराज भराभर म्हणाला, "सहावी पवनचक्की, खाण बुजवून जागा सपाट करण्याबाबत. कुणाची हरकत न्हाय, असं लिवा मॅडम."

मॅडमनी पेन टेकवलं. मायाक्कानं डोळे उघडले. देवीचा काही पत्ता नव्हता आणि पेन तर चालायला लागलं होतं. ती उठली. पुढं जायला वाट नव्हती, कारण बायांच्या आणि गड्यांच्या मधल्या जागेत तात्याबा बसला होता.

"आवं, जरा सरका की," ती म्हणाली आणि त्याच्या खांद्याला धरून पुढं गेली.

"हरकत हाय!"

मॅडमनी पेन उचललं.

"ही खाण कुणी काढली? मालकानं? मालक महिन्यातनं एकदा जीपमधनं यायचा. हितला दगड आमी फोडला. तुमी ज्या रस्त्यानं सांगोल्याला जाता, त्या रस्त्याखालची खडी माज्या हातची हाय. खाण काढली तवा आमास्नी कुणी इचारलं न्हाय, बंद केली तवा बी इचारलं न्हाय. आता त्या खड्ड्यात जरा पानी ऱ्हायलंय, तर त्येच्यावर बी डोळा? मी पंख्याला नगं म्हणते का? पाच बसले, सहावा बसवा. सातवा बसवा. पर पूर्वेच्या ढिगावर बसवा की! पंख्याला काय खाणीत पाय सोडून बसायचंय?"

कुणीतरी हसलं. मायाक्कानं तिकडं असं बघितलं, की हसणारा खोकायला लागला.

"आन् युवराज, मेंढरांस्नी टँकर आणतो म्हणतुयास. दोन वर्सामागं शाळंला टँकर आणतो म्हणला हुतास, त्यो अजून वाटंतच हाय. साडेआठशे जित्राबं हायीत. त्येंच्यापुढं तुजं भाषण ठेवू का प्यायला? खाण बुजवायची न्हाय. लिवा मॅडम. खाण बुजवायची न्हाय!"

तशी गोजरबाई किंचाळली, "आलं! वारं आलं! मायाक्काच्या नावानं..."

"चांगभलं!" अख्खा मांडव गरजला. भंडारा उधळला गेला. युवराज टेबलावरनं उडी मारून आला आणि मायाक्काच्या पायांवर पालथा पडला. "चुकलो आई! खाण बुजवत न्हाय! सगळ्यांनी हात वर करा रं!" हात वर झाले. मॅडमनी उभं राहून मोजले, एकशे बारा.

"आरं, वारं न्हाय आलं!" मायाक्का ओरडली. "मी बोलतीया!"

"व्हय आई, तूच बोलतीयास," गोजरबाईनं तिच्या कपाळाला मूठभर भंडारा फासला आणि लिंबू उतरायला घेतलं. मायाक्कानं लिंबू हिसकावून फेकलं, तर ते झेलायला पाच जण धावले. खाण वाचली होती. मायाक्काला मात्र रडू यायला लागलं. बोललेली ती, आणि पाया पडत होते ते दुसरीच्याच.

वैजयंती मॅडमनी डोळ्यांतला भंडारा पुसला आणि टेबलावर पेन आपटलं. "शांत बसा! ठराव मंजूर. सूचक कोण?"

"मायाक्का लिवा," युवराज म्हणाला.

"पूर्ण नाव?"

"देवीला कुटलं आलं पूर्ण नाव? श्री मायाक्कादेवी, मुक्काम चिंचली, असं लिवा."

"सूचक गावच्या मतदार यादीतला लागतो. देवीचं नाव यादीत नाही."

"मग घाला की," मागनं रावजी म्हणाला, "त्ये तुमचंच काम हाय."

ठराव न्यायला आलेला अजिंक्य खुर्चीत चुळबुळत होता. देवीच्या नावानं आलेल्या ठरावाचं पुण्यात काय होईल, ते त्याला दिसत होतं. तेवढ्यात मांडवाच्या मधनं कुणीतरी घसा खाकरला. तात्याबा उभा राहिला होता. त्याचा आवाज कसा आहे, हे गावातल्या निम्म्या लोकांना त्या दिवशी कळलं.

"वारं न्हवतं."

"तुला काय कळतंय त्यातलं?" रावजी म्हणाला.

"मला न्हाय तर कुणाला कळंल? वारं आलं की देवी मला नावानं हाक मारती. तात्याबा, ऊठ. तात्याबा, लिंबू आण. आज म्हणली, आवं, जरा सरका की." तो थांबला. इतकं एका दमात बोलायची सवय नव्हती. "देवी कशाला मला आवं म्हणंल?"

आपल्या नवऱ्याचं नाव तोंडानं न घेणाऱ्या बाया तिथं साठ-सत्तर बसल्या होत्या, त्यांना तर हे लगेच पटलं. युवराजलाही पटलं. तो पायांवरनं उठला, गुडघे झटकले आणि त्याच्या चेहऱ्यावर सरपंच परत आला.

"म्हंजी देवी न्हवती? मग ठराव कशाला? मॅडम, खोडा त्यो. आमी देवी समजून हात वर केलं."

नवऱ्यानं चौतीस वर्षांत एकदा तोंड उघडलं आणि खाण घालवली, असं मायाक्काला वाटलं. ती त्याच्याकडं बघत राहिली. तो खाली मान घालून उभा.

पण गोजरबाई उठली. हातातली भंडाऱ्याची पिशवी तिनं कमरेला खोचली. तिची स्वतःची चाळीस मेंढरं होती.

"देवी न्हवती तर न्हवती," ती म्हणाली. "बोलली त्ये खोटं हाय का? मेंढरं खाणीतलं पानी पित्यात का न्हाय पीत? मॅडम, परत मोजा."

मॅडमनी परत मोजलं. ह्या वेळी घोषणा नाही, भंडारा नाही. हात हळूहळू वर आले, एकमेकांकडं बघत, कुणी शेजाऱ्याचा आला म्हणून आपला करत. भरले सत्त्याण्णव. पंधरा हात देवीचे होते ते खाली राहिले. सत्त्याण्णव मायाक्काचे. तिनं ते हात बघितले आणि तिला काय करावं ते कळेना, म्हणून तिनं पदरानं कपाळावरचा भंडारा पुसून काढला.

"ठराव मंजूर," मॅडम म्हणाल्या. "सूचक, पूर्ण नाव सांगा."

"मायाक्का," ती म्हणाली आणि थांबली. रेशन दुकानात, बँकेत, दवाखान्यात, जिथं जिथं पुढचं नाव विचारलं जाई तिथं ती आधार कार्ड पुढं करून "त्येंचं नाव तुमीच बगून लिवा" म्हणायची. आज कार्ड घरी राहिलं होतं. नुसतं मायाक्का लिहिलं तर उद्या गाव म्हणणार, देवीनंच खाण राखली.

"मी सांगते मॅडम," गोजरबाई मदतीला धावली, "हिच्या मालकाचं नाव..."

मायाक्कानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं.

"मायाक्का तात्याबा बंडगर," ती म्हणाली. मोठ्यानं, मॅडमच्या डोळ्यांत बघून.

नाव ऐकलं मात्र, चार-सहा हात आपोआप भंडाऱ्याकडं गेले.

"हात खाली घ्या," तात्याबा म्हणाला. "ही तीच हाय, आवं म्हणणारी."

मॅडमनी नाव लिहिलं. "अनुमोदक?"

तात्याबानं हात वर केला आणि आपलं नाव सांगितलं, पण बोलण्याचा त्याचा साठा एव्हाना संपला होता. ओठ नुसते हलले.

"काय?" मॅडमनी विचारलं.

मायाक्का त्याच्याकडं वळली.

"आवं, जरा मोठ्यानं बोला की," ती म्हणाली. "आज ऐकायल्यात लोकं."